घरच्या घरीं संगणक-जाळ्यांची प्रयोगशाळा

रसायनशास्त्राचें पुस्तक कितीहि वेळां वाचलें, तरी परीक्षानळींतील द्रावणाचा रंग स्वतःच्या डोळ्यांदेखत पालटल्याखेरीज त्या विषयाची खरी गोडी लागत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. शाळेंत प्रयोगशाळा असते ती याचसाठीं. परंतु ज्या शास्त्रावर आज बँकेचा व्यवहार, आगगाडीचें तिकीट, इस्पितळांतील तपासणीचा अहवाल व खुद्द शालान्त परीक्षेचा निकालहि अवलंबून आहे, त्या संगणक-जाळ्यांच्या शास्त्राचा, म्हणजे ज्यास सर्वत्र नेटवर्किंग म्हणतात त्याचा, अभ्यास करणारीं पुष्कळ मुलें केवळ पुस्तकें व पाठ केलेलीं प्रश्नोत्तरें यांवरच विसंबून राहतात. वास्तविक या विषयाची प्रयोगशाळा घरांतल्या एका टेबलावर, आणि प्रारंभीं तर जवळजवळ फुकट, उभारतां येते. ती कशी उभारावी, तिच्यांत काय करावें, आणि विशेषतः तिच्यावर कोणता खर्च करूं नये, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

या क्षेत्रांत शिरूं इच्छिणारास साधारणपणें एखाद्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी लागते. कॉम्पटिया या संस्थेची ‘नेटवर्क प्लस’ ही त्यांपैकीं एक; परंतु आपल्याकडे जिचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे ती सिस्को कंपनीची ‘सीसीएनए’ ही परीक्षा होय. लिओनार्ड बोसॅक व सँडी लर्नर या पतिपत्नींनीं १९८४ सालीं कॅलिफोर्नियांत ही कंपनी स्थापन केली, आणि १९९८ सालापासून ही परीक्षा घेतली जात आहे. २०२० सालच्या फेब्रुवारींत तिच्या निरनिराळ्या शाखा मोडून एकच परीक्षा करण्यांत आली. २०२४ च्या ऑगस्टमध्यें सुधारलेला जो अभ्यासक्रम लागू झाला, त्यांत एका जाळ्यांतून दुसऱ्या जाळ्यांत माहिती नेण्याच्या मार्गांस सर्वांत अधिक, म्हणजे २५ टक्के, महत्त्व दिलेलें होतें. मूलतत्त्वें व स्विचांचें काम यांस प्रत्येकीं २० टक्के आणि सुरक्षिततेस १५ टक्के होते. परीक्षेचा वेळ १२० मिनिटें असतो. एकदां प्रश्न सोडून पुढें गेलें कीं मागें येतां येत नाहीं, आणि कांहीं प्रश्न तर प्रत्यक्ष आज्ञा देऊन सोडवावे लागतात. तेरा वर्षांखालील मुलास परीक्षेस बसतां येत नाहीं. तेरा ते सतरा वर्षांच्या उमेदवारास पालकांची लेखी संमति लागते.

पालकांनीं येथें क्षणभर थांबावें. या परीक्षेचें शुल्क सध्यां ३०० अमेरिकन डॉलर असून वर कर द्यावा लागतो, म्हणजे रुपयांत ही रक्कम पंचवीस हजारांच्या पुढें जाते. मुलगा नापास झाला तर ती परत मिळत नाहीं. शिवाय शिकवणीवर्गाचें शुल्क निराळेंच. एवढा पैसा पणास लागलेला असतांना ‘मागल्या परीक्षेंतले खरे प्रश्न’ म्हणून विकले जाणारे गठ्ठे पाठ करण्याचा मोह मुलांस व कधीं कधीं पालकांसहि होतो. हा मार्ग अप्रामाणिक तर आहेच, व उघडकीस आल्यास कंपनी प्रमाणपत्र रद्द करते. पण त्याहूनहि वाईट गोष्ट अशी कीं, तो फुकट जातो. नोकरीच्या मुलाखतींत समोर बसलेला अनुभवी गृहस्थ दोन संगणकांचें चित्र काढतो आणि विचारतो, ‘हा त्याच्याशीं बोलत नाहीं. तूं प्रथम काय पाहशील?’ या प्रश्नाचें उत्तर गठ्ठ्यांत नसतें. तें ज्याच्या हातून शेंपन्नास वेळां जाळें बिघडलें व शेंपन्नास वेळां दुरुस्त झालें आहे त्याच्याच बोटांत असतें. घरची प्रयोगशाळा हवी ती या बिघाडांसाठीं. बँकेचें जाळें कोणी शिकाऊ मुलाच्या हातीं मोडावयास देणार नाहीं.

प्रारंभ पॅकेट ट्रेसर या कार्यक्रमानें करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. सिस्कोनें १९९७ सालीं नेटवर्किंग अॅकॅडमी सुरू केली. तिच्यांत नांव नोंदविणारास हा कार्यक्रम मोफत मिळतो व घरांतील साधारण संगणकावर तो सुखानें चालतो. पडद्यावर राउटर, स्विच व संगणक यांचीं चित्रें मांडावयाचीं, त्यांस तारांनीं जोडावयाचें, आणि मग प्रत्येकास आज्ञा द्यावयाच्या, अशी त्याची रीत आहे. त्यांत एक सोय मात्र अशी आहे कीं तिची सर खऱ्या उपकरणांसहि येत नाहीं. काळ जणूं थांबवून माहितीचें एकेक पाकीट या यंत्राकडून त्या यंत्राकडे जातांना पाहतां येतें, आणि त्यावर टिचकी मारली असतां तें उघडून आंत काय लिहिलें आहे तें वाचतांहि येतें. ज्या विद्यार्थ्यानें हें पाहिलें त्यास पुढील शेंकडों पानें सोपीं जातात. अर्थात् हा कार्यक्रम म्हणजे नाटकांतला राजा होय. खऱ्या राजाच्या सगळ्याच आज्ञा त्यास ठाऊक नसतात, हें ध्यानांत ठेवावें.

याच्या पुढची पायरी म्हणजे जीएनएस३ व ईव्ह-एनजी हे कार्यक्रम. यांत नक्कल नसून उपकरणाची खरी प्रणाली संगणकाच्या पोटांत चालविली जाते. म्हणून संगणकाची स्मृति मोठी लागते, व १६ गिगाबाइटांखालीं काम कष्टानेंच होतें. हे कार्यक्रम फुकट मिळतात, परंतु त्यांत घालावयाची सिस्कोची प्रणाली ही कंपनीची मालमत्ता आहे. ती कोठून तरी उचलून आणणें म्हणजे चोरीच होय. ज्यास सरळ मार्गानें जावयाचें आहे त्यानें सिस्कोच्याच ‘मॉडेलिंग लॅब्ज’ची मोफत आवृत्ति घ्यावी. तींत एका वेळीं पांच उपकरणें चालवितां येतात, आणि सीसीएनएच्या बहुतेक प्रयोगांस तेवढीं पुरतात.

खरीं उपकरणें घ्यावीं कीं नाहीं, याविषयीं मतभेद आहे. परीक्षा उत्तीर्ण होण्यास त्यांची आवश्यकता नाहीं, हें प्रथम स्पष्ट सांगतों. परंतु ऐपत असल्यास दोन जुने स्विच व एक किंवा दोन जुने राउटर घेतल्यानें जो लाभ होतो तो पडद्यावर होत नाहीं. तार अर्धवट बसली म्हणजे काय होतें, पंखा बंद पडला म्हणजे आवाज कसा पालटतो, दिवा नारिंगीचा हिरवा व्हावयास किती वेळ लागतो, हें ज्ञान हातानें व कानानेंच मिळतें. मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर व इतर मोठ्या शहरांत जुन्या संगणक-सामानाच्या व्यापाऱ्यांकडे, कचेऱ्यांनीं काढून टाकलेला असा माल पाहावयास मिळतो. कॅटॅलिस्ट २९६० हा स्विच आणि १८४१ हा राउटर शिकाऊ लोकांत बराच काळ प्रिय आहेत. हीं उपकरणें जुनीं झालीं असून कंपनीनें त्यांची जबाबदारी सोडली आहे, म्हणून तीं कचेरींत वापरण्यास योग्य नव्हत. शिकण्यास मात्र उत्तम. घेतेवेळीं दुकानांतच वीज जोडून पाहावी व यंत्र पूर्णपणें जागें होईपर्यंत तेथून हलूं नये. अठ्ठेचाळीस पोर्टांचे अवजड स्विच, लोखंडी कपाट, दिव्यांच्या माळा, यांपैकीं कशाचीहि गरज नाहीं. छायाचित्रें पाहून असलें सामान जमविणारे पुष्कळ दिसतात. त्यांचा अभ्यास बहुधा कपाटापाशींच थांबतो.

विजेची चिंता करणाऱ्या मातापित्यांसाठीं एक हिशेब देतों. चार उपकरणें मिळून सुमारें दीडशें वॉट धरले, तर साडेसहा तासांहून थोड्या अधिक वेळांत एक युनिट खर्च होईल. रोज दोन तास अभ्यास करणाऱ्या मुलाचा खर्च यावरून सहज काढतां येईल. खरा उपद्रव विजेचा नसून पंख्यांच्या घरघरीचा आहे. घरांत लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर रात्रीं हें काम करूं नये.

खऱ्या उपकरणास पडदा किंवा कळफलक नसतो. त्याच्याशीं बोलावयाचें तें एका फिकट निळ्या, चपट्या तारेनें; तिला कन्सोल केबल म्हणतात. तिचें एक टोंक उपकरणांत बसतें. दुसरें नऊ टांचण्यांचें टोंक ज्यांत बसावें असें भोंक हल्लींच्या संगणकांस नसतें, म्हणून यूएसबीचा एक जोड विकत घ्यावा लागतो. संगणकावर पटी नांवाचा मोफत कार्यक्रम उघडून वेग ९६०० ठेवावा. वेग चुकला तर पडद्यावर वेडींवांकडीं अक्षरें उमटतात. यंत्र बिघडलें असें समजून घाबरूं नये.

जुन्या उपकरणाच्या पोटांत जुन्या मालकाची व्यवस्था व परवलीचा शब्द तसाच राहिलेला असतो. २९६० च्या तोंडावर ‘मोड’ अशी खूण असलेली कळ आहे. ती दाबून धरून वीज जोडली म्हणजे परवलीच्या शब्दावांचून आंत शिरण्याचा मार्ग मिळतो. राउटर जागा होत असतांना ‘ब्रेक’चा संकेत पाठवून त्याच्या नोंदवहींतील आकडा २१४२ केला कीं तो जुनी व्यवस्था न वाचतांच उठतो, काम होतांच तो आकडा पुनः २१०२ करावा, नाहीं तर दरवेळीं तुमचीहि व्यवस्था तो विसरेल. स्विचच्या बाबतींत आणखी एक गोष्ट आहे. मुख्य व्यवस्था पुसली तरी ‘व्हीलॅन.डॅट’ नांवाची एक धारिका निराळ्या जागीं जिवंत राहते, व जुन्या कचेरीच्या विभागांचीं नांवें तींतून भुतासारखीं वर येतात. तीहि पुसावी. पुसण्याचा हा सराव हाच मुळीं पहिला धडा होय, कारण कोणाच्या जाळ्यांत काय होतें हें दुसऱ्याच्या हातीं पडूं नये, हें त्यावरून आपोआप उमगतें.

आतां पहिला प्रयोग. एक राउटर, एक स्विच व एक संगणक जोडा. राउटरास १९२.१६८.१०.१ व संगणकास १९२.१६८.१०.१० असा पत्ता द्या. १९२.१६८ नें आरंभ होणारे हे पत्ते १९९६ सालच्या एका ठरावान्वयें खाजगी वापरासाठीं राखून ठेवलेले आहेत. ते घरोघरीं पुनःपुनः वापरतां येतात, व सार्वजनिक इंटरनेटवर चालत नाहींत. मग राउटरावरून संगणकास ‘पिंग’ करा, म्हणजे हांक मारून पाहा. राउटर पांच हांका मारतो. उत्तर आलें तर उद्गारचिन्ह, न आलें तर टिंब. बहुधा असें दिसेल कीं पहिल्या जागीं टिंब आहे व पुढें चार उद्गारचिन्हें आहेत. यश ८० टक्के. पुस्तकी विद्यार्थी येथें गोंधळतो. तार सदोष आहे काय? नाहीं. दुसऱ्यांदा पिंग करा. पांचहि उद्गारचिन्हें येतील.

हें असें कां व्हावें? प्रत्येक पाकिटावर दोन वेष्टणें असतात असें समजा. आंतल्या वेष्टणावर ३२ अंकांचा तो आयपी पत्ता असतो, व तो अखेरपर्यंत कायम राहतो. बाहेरच्या वेष्टणावर पुढच्या यंत्राचा ४८ अंकांचा कारखान्यांतून मिळालेला पत्ता असतो, ज्यास मॅक पत्ता म्हणतात. तो प्रत्येक राउटरपाशीं नवा लिहिला जातो. राउटरास आयपी पत्ता ठाऊक होता, मॅक पत्ता नव्हता. म्हणून त्यानें प्रथम सर्वांस ओरडून विचारलें, ‘हा पत्ता कोणाचा?’ उत्तर येईपर्यंत पहिली हांक वाया गेली. एका टिंबांत एवढा अर्थ भरलेला आहे, आणि तो अर्थ ज्यानें टेबलावर शोधून काढला तो परीक्षेंत व नोकरींत तें विसरणार नाहीं. पांचहि टिंबें आलीं तर मात्र एक साधी गोष्ट आधीं पाहावी: विंडोज प्रणाली बाहेरून आलेल्या हांकेस उत्तर देण्याचें पुष्कळदां स्वतःच नाकारते. तिच्या पहारेकऱ्यास तशी परवानगी द्यावी लागते. जाळें निर्दोष असूनहि तासन् तास तारा उपटीत बसलेला विद्यार्थी दिसला, तर कारण बहुधा हेंच असतें.

पत्त्यांची विभागणी हा भाग मुलांस अवघड वाटतो. वस्तुतः ती बेरीज-वजाबाकी आहे. १९२.१६८.१०.० या जाळ्यांत २५६ आंकडे आहेत. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येकांत ६४ येतात, व ते ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. प्रत्येक भागाचा पहिला आकडा जाळ्याच्या नांवास व शेवटचा सर्वांस हांक मारण्यास राखलेला असल्यामुळें यंत्रांस ६२ पत्ते उरतात. आतां एका संगणकास ७० हा पत्ता देऊन त्याच्या दारावरचा राउटर १ आहे असें सांगा. दोघेहि एकाच तारेवर आहेत, तरी संगणकाच्या हिशेबीं तो राउटर परगांवचा ठरतो, कारण ७० हा दुसऱ्या भागांतला व १ हा पहिल्या भागांतला. बाहेर जाण्याचें दारच त्यास सांपडत नाहीं. असे बिघाड मुद्दाम करून पाहिले म्हणजे पाटीवरचें गणित जिवंत होतें. आंकडेमोड मात्र कागदावरच करावी. परीक्षेंत गणकयंत्र मिळत नाहीं.

यानंतर एकाच स्विचचे आंतल्या आंत विभाग पाडावयाचे. त्यांस व्हीलॅन म्हणतात. शाळेचेंच उदाहरण घ्या: कचेरींत मुलांच्या गुणांच्या याद्या व शुल्काचा हिशेब असतो, आणि पलीकडे संगणक-वर्गांत चाळीस मुलें बसलेलीं असतात. दोहोंच्या तारा एकाच स्विचांत आल्या तरी एकाचें दुसऱ्यास ऐकूं जातां कामा नये. म्हणून प्रत्येक पोर्टास विभागाचा क्रमांक देतात, व दोन स्विचांमधल्या सामाईक तारेवरून जातांना पाकिटावर त्या क्रमांकाची चार बाइटांची चिठ्ठी लावतात. चिठ्ठींत क्रमांकासाठीं बारा अंकांची जागा असल्यामुळें वापरतां येण्याजोगे विभाग ४०९४ होतात. दोन विभागांस एकमेकांशीं बोलावयाचें तर मध्यें राउटर हवा, आणि कोणी कोणाशीं बोलावें हें तोच ठरवितो. हा प्रयोग पॅकेट ट्रेसरमध्येंहि उत्तम होतो.

आतां ज्या एका प्रयोगानें घरच्या प्रयोगशाळेचा सारा खर्च वसूल होतो असें आम्हांस वाटतें, त्याकडे वळूं. दोन स्विच घ्यावे व ते एकीऐवजीं दोन तारांनीं जोडावे. हेतु चांगला आहे: एक तार तुटली तरी दुसरी असावी. परंतु मघां सांगितलेली ‘हा पत्ता कोणाचा?’ ही हांक सर्वांस उद्देशून असते, व अशी हांक ऐकतांच स्विच ती आलेल्या पोर्टाखेरीज इतर सर्व पोर्टांतून पुढें पाठवितो. पहिला स्विच ती दोन्ही तारांवरून पाठवील. दुसरा स्विच पहिल्या तारेवरून आलेली हांक दुसरीवरून परत पाठवील. पहिला ती पुनः पुढें ढकलील. आंतल्या वेष्टणावर पाकिटाचें आयुष्य लिहिलेलें असतें, तें प्रत्येक राउटर एकानें घटवितो व शून्य होतांच पाकीट नष्ट करतो. बाहेरच्या वेष्टणावर असा आकडाच नाहीं. त्यामुळें राउटर मध्यें नसतांना तें पाकीट मरत नाहीं. एकाचीं अनेक होऊन दोन्ही तारा क्षणार्धांत तुडुंब भरतात.

हें होऊं नये म्हणून प्रत्येक चांगल्या स्विचांत स्पॅनिंग ट्री नांवाची योजना असते. ती रॅडिया पर्लमन या विदुषीनें १९८५ सालीं डिजिटल इक्विपमेंट कंपनींत असतांना शोधून काढली, व तिजवर एक छोटी कविताहि रचली. सर्व स्विच आपसांत एक मूळ निवडतात, आणि तेथपर्यंत जाण्याचा एकच मार्ग उघडा ठेवून जादा मार्ग बंद करतात. उघडा मार्ग तुटला तर बंद ठेवलेला उघडतात. मूळ होण्याचा मान ज्याचा आकडा सर्वांत लहान त्यास मिळतो. आकडे मुद्दाम बदलले नाहींत तर मॅक पत्त्यावर निर्णय होतो, आणि लहान मॅक पत्ता पुष्कळदां सर्वांत जुन्या यंत्राचा असतो. म्हणजे घरांतील कारभार सर्वांत थकलेल्या आजोबांकडेच जातो! दुसरी तार लावतांच दिवा सुमारें तीस सेकंद नारिंगी राहतो. पंधरा सेकंद स्विच ऐकतो व पंधरा सेकंद शिकतो. हें घड्याळ लावून पाहावें. नंतर, घरच्या इंटरनेटशीं कसलाहि संबंध नाहीं याची खात्री करून, दोन्ही स्विचांस ‘नो स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १’ ही आज्ञा द्यावी व एक हांक मारावी. सारे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकूं लागतील, संगणक उत्तर देईनासा होईल, कन्सोलवरचीं अक्षरेंहि रखडूं लागतील. एक तार उपटा, सर्व शांत.

टेबलावर हा खेळ आहे. सर्वत्र तो खेळ नसतो. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं बेथ इझ्रायल डीकनेस मेडिकल सेंटर हें मोठें इस्पितळ आहे. २००२ सालच्या नोव्हेंबरांत तेथील संगणक-जाळें कोलमडलें व सुमारें चार दिवस धड चाललें नाहीं. जाळें वर्षानुवर्षें तुकड्यातुकड्यांनीं वाढत जाऊन स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेलें होतें, आणि एका संशोधकाच्या कामांतून निघालेल्या माहितीच्या लोंढ्याखालीं तें बसलें. डॉक्टर व परिचारिका यांस कागदावर परतावें लागलें. तपासण्यांचे निकाल हातोहात पोंचवावे लागले. तेथील माहिती-विभागाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनीं हा प्रकार झांकून न ठेवतां इतर इस्पितळांच्या उपयोगासाठीं तो जाहीर केला, हें त्यांस भूषणावह होय. ज्या विद्यार्थ्यानें आपल्या टेबलावर तें दिव्यांचें वेड एकदां पाहिलें आहे, त्यास असल्या प्रसंगीं काय पाहावें व कोणती तार उपटावी हें निदान ओळखीचें तरी असेल.

बिघाड शोधण्याचा सराव एकट्यानें पुरा होत नाहीं, कारण स्वतः केलेला बिघाड स्वतःस ठाऊक असतो. म्हणून घरांतील भावंडाची किंवा मित्राची मदत घ्यावी. तुम्ही खोलीबाहेर जा. त्यानें एक तार भलत्या पोर्टांत घालावी, किंवा चिठ्ठीवर लिहून दिलेल्या दहा खोड्यांपैकीं एक करावी. आंत आल्यावर तारेपासून आरंभ करा: दिवा लागला आहे काय, स्विचास मॅक पत्ता दिसतो काय, विभाग बरोबर आहे काय, पत्ता व दार बरोबर आहे काय, राउटरास मार्ग ठाऊक आहे काय. खालून वर, पायरी न गाळतां. प्रत्येक बिघाड वहींत तीन ओळींत लिहावा: काय दिसलें, काय निघालें, किती वेळ लागला. बिघाड करणाऱ्या धाकट्या बहिणीस या खेळांत जो आनंद होतो त्यामुळें अभ्यास चुकविणें कठीण होऊन बसतें, हा वाढता लाभ.

सुरक्षिततेच्या धड्यांत राउटरावर पहारेकऱ्याची यादी लिहावी लागते. अमक्यास सोडावें, तमक्यास अडवावें. या यादीच्या शेवटीं ‘बाकी सर्वांस अडवावें’ ही ओळ न लिहितांहि असतेच. दूरच्या यंत्रावर अशी यादी लावणारा कित्येकदां स्वतःलाच बाहेर कोंडून घेतो. म्हणून अनुभवी लोक आधीं ‘रीलोड इन १०’ अशी आज्ञा देतात, म्हणजे दहा मिनिटांत पुनः जागा हो. कोंडले गेलों तर यंत्र जुन्या व्यवस्थेवर परत येतें, नाहीं तर ती आज्ञा रद्द करावयाची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं देखभालीच्या एका आज्ञेनें फेसबुकचीं मोठालीं केंद्रें परस्परांपासून तुटलीं, व सुमारें सहा तास जगभर फेसबुक व व्हॉट्सअॅप बंद पडलें. दुरुस्तीचीं नेहमींचीं साधनेंहि त्याच जाळ्यावर असल्यामुळें अभियंत्यांस प्रत्यक्ष जागेवर जावें लागलें. एवढ्या मोठ्या घरीं हें घडतें, तर शिकाऊ मुलानें परतीची वाट आधीं राखून ठेवण्याची संवय टेबलावरच लावून घ्यावी.

दोन बंधनें मात्र कडक पाळावीं. प्रयोगाचें जाळें घरच्या इंटरनेटच्या राउटरास जोडूं नये. तुमचा राउटर पत्ते वांटूं लागला तर वडिलांच्या कचेरीच्या कामाचा संगणक भलताच पत्ता घेऊन बसेल. आणि शेजाऱ्याच्या किंवा शाळेच्या जाळ्यावर परवानगीवांचून कोणताहि प्रयोग करूं नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वयें तो अपराध ठरूं शकतो, मग हेतु कितीहि निर्मळ असो.

अभ्यासास किती काळ लागेल, असें पालक विचारतात. शाळेचा अभ्यास सांभाळून रोज दीड-दोन तास देणाऱ्यानें सहा महिन्यांच्या आंत शुल्क भरण्याची घाई करूं नये, असें आम्ही म्हणूं. वहींतले बिघाड पुस्तक न उघडतां सांपडूं लागले म्हणजे वेळ आली असें समजावें. तोंवर पॅकेट ट्रेसरला पैसा लागत नाहीं. आणि ज्यांच्यापाशीं खरीं उपकरणें आहेत त्यांनीं रात्रीं वीज बंद करण्यापूर्वीं ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा देण्यास विसरूं नये. ती दिली नाहीं तर सकाळीं यंत्र कोरें उठतें, व आदल्या दिवशींचें सर्व काम पहिल्यापासून करावें लागतें.